साक्षीदाराच्या रकान्यातला नवरा

गावाकडच्या नोंदणी कार्यालयात माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं.

"लग्नाचा दाखला हवाय. माझ्या पेन्शनला हिचं नाव लावायचंय."

कारकुनाने जुनी वही उघडली.

"नोंद सापडली, आजोबा. पण तुम्ही साक्षीदार आहात."

"कशाचा?"

"आजींच्या लग्नाचा. नवरा म्हणून एका सुताराचं नाव आहे."

"अहो, तो माझा मित्र! नुसती सही करायला आला होता. रकाने उलटे भरलेत तुमच्या माणसाने."

"असतील. पण दुरुस्तीला नवऱ्याची संमती लागते."

"दिली!"

"तुमची नव्हे. सुताराची."

"तो जाऊन चार वर्षं झाली."

"अरेरे. म्हणजे आजी विधवा आहेत."

"आणि पंचेचाळीस वर्षं मी हिच्याबरोबर काय करतोय?"

"ते वहीत नाही."

आजी पहिल्यांदाच बोलल्या. "मग उपाय काय, बाळा?"

"सोपा आहे. यांच्याशी नव्याने लग्न नोंदवा. हा अर्ज. इथे वधूची संमती."

आजोबांनी पेन पुढे केलं. "कर सही."

आजींनी अर्जाची घडी घालून पिशवीत ठेवली.

"मागच्या खेपेला मला कुणी विचारलं नव्हतं. या खेपेला जरा विचार करून सांगते."