पुस्तकाचा शेवट आणि विमलबाईंची म्हैस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय विठ्ठलराव, मंचावरील पाहुणे मंडळी, आज निवृत्त होणारे आपल्या वाचनालयाचे ग्रंथपाल गुरुलिंगआप्पा, समोर बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती शिवम्माकाकू, आणि तेलगावच्या आसपासच्या गावांतून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

निरोप आप्पांचा आणि बोलायला उभं केलंय मला. माझी ओळख करून देताना आत्ता म्हटलं गेलं, 'स्वकर्तृत्वावर मोठे झालेले लेखक'. आठ दिवसांपूर्वी मीही मान डोलावली असती. आज जमत नाही.

कारण सांगतो. आप्पांची परवानगी घेतली आहे आणि मंचावर ग्रंथालय खात्याचे कोणी साहेब नाहीत, हेही पाहून घेतलंय.

बावीस वर्षांपूर्वी माझी पहिली छोटी कादंबरी निघाली. सासरच्या जाचाला कंटाळलेली एक बाई मांजरसुंब्याच्या फाट्यावर येते, पुण्याची बस धरते आणि कायमची जाते, अशी गोष्ट. तीन प्रती मी वाचनालयाला दिल्या. कुणी पानही उलटलं नाही. मग वार्षिक तपासणी आली. वाचक दिसले नाहीत तर वाचनालयाचा दर्जा उतरणार. आप्पांनी देवघेवीचं रजिस्टर पुढं ओढलं आणि टेबलावर सगळ्यात वर पडलेलं पुस्तक बारा सभासदांच्या नावावर चढवलं. ते माझं होतं. वर कावून होतं? तर कपाटात जागा नव्हती. साहित्यगुण वगैरे काही नाही, मंडळी.

पण आप्पा मुळात सरळ माणूस. खोट्या नोंदी त्यांना पचेनात. साहेबांनी एखाद्याला विचारलं तर? म्हणून त्यांनी त्या बाराही जणांना तीन दिवस दुपारी ओट्यावर बसवलं आणि अख्खी कादंबरी वाचून दाखवली. चहा शिवम्माकाकूंचा. तिसऱ्या दिवशी शेवटचं प्रकरण सुरू झालं आणि त्या बारांतल्या विमलबाई उठल्या. म्हशीची धार काढायची वेळ झाली होती.

तपासणीला साहेबांनी नेमकं विमलबाईंनाच विचारलं, काय आहे हो या पुस्तकात? बाईंनी गोष्ट सांगितली. शेवट ऐकलाच नव्हता, तरी न अडखळता सांगितला, "बस आली, पण ती चढली न्हाई. माघारी फिरली अन् घरच्यांना म्हणली, घर माझं हाय. ज्याला पटत न्हाई त्यानं फाटा गाठावा."

साहेब खूश. त्यांनी ते ओळखीच्या प्रकाशकाला सांगितलं आणि प्रकाशकाचं मला पत्र आलं, बाई माघारी फिरून 'घर माझं' म्हणते तो शेवट फार आवडला, नवी आवृत्ती आम्ही काढतो. मला कळलं, यांची काहीतरी गफलत झाली आहे. पण मी ब्र काढला नाही. निमूट बसलो आणि शेवटचं प्रकरण तसं लिहून पाठवलं. त्याच शेवटासाठी पुढं पुरस्कार, हार, शाली. तो शेवट मला कसा सुचला, यावर मी कितीतरी भाषणं केली आहेत.

गेल्या आठवड्यात आप्पांनी ते रजिस्टर माझ्यापुढं उघडलं आणि सगळं सांगितलं. लाज वाटली मला. तसाच विमलबाईंकडे गेलो. असा शेवट कसा सुचला, म्हणून विचारलं.

"सुचायचं काय त्यात?" त्या म्हणाल्या. "धार काढता काढता वाटलं, ती कावून जाईल? घर तर तिनंच उभं केलंय."

आता सांगा, म्हैस तासभर उशिरा पान्हावली असती तर मी आज कुठे असतो? नशीब माझं होतं, हे कबूल. पण अक्कल विमलबाईंची होती. तीही मी माझ्याच नावावर चढवली, आणि आप्पांना लागली तशी चुटपुट मला इतकी वर्षं कधी लागली नाही.

पुढच्या महिन्यात नवी आवृत्ती येते आहे. तिच्या पहिल्या पानावर 'शेवट विमलबाईंचा' असं छापायला सांगितलं आहे. प्रकाशकांनी विचारलं, गरज आहे का? मी म्हटलं, आहे.

आप्पा, तुमच्या कपाटात तेव्हा जागा नव्हती, याबद्दल मी जन्मभर तुमचा ऋणी आहे. संयोजकांनी मला बोलावलं, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. काही कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला. आणि या भाषणाचा शेवट जमला नसेल, तर विमलबाई तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, त्यांना विचारा.