गांडुळांच्या सेवेत

नाही, माझी खुर्ची कुणी हलवली... एवढंच विचारलं हो मी! तुम्हाला सांगतो, अडतीस वर्षं फायली उपसल्या त्या एकाच आशेवर, की निवृत्त झालो की गॅलरीतल्या सावलीच्या कोपऱ्यात खुर्ची टाकायची आणि पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा! आणि त्या कोपऱ्यात काय? भोकं पाडलेला टब! टबात गांडुळं! बायको म्हणते, "अहो, ओला कचरा आता घराबाहेर जाणार नाही, ती खातात नि खत देतात. त्यांना ऊन सोसत नाही. तुम्ही सरका." सरकलो! गांडुळांपुढे आपलं काय चालणार?

बरं, त्यांना अंथरायला कागद लागतो. कुठला? आजचा! मी शब्दकोड्यात अडकलोय आणि ही टराटरा फाडतेय... "अगं, कालचा घे ना!" "कालचा त्यांनी खाल्ला." अग्रलेखासकट! मला जन्मात एक अग्रलेख पचला नाही हो! आणि जेवणाचे लाड? मी भाजी तिखट म्हटली की "गपचूप खा." त्यांना मात्र, "तिखट नको हं बाई, सालं बारीक चिरून देते..." गांडुळांपुढे आपलं काय चालणार?

मग माझ्यातला कारकून जागा झाला. कुठंसं वाचलं होतं, यांना संत्र्याची सालं सोसत नाहीत. चार संत्री बसून खाल्ली, सालं गुपचूप टबात! म्हटलं, आपणहून बदली मागतील. मागितली की! सकाळी बघतो तर सगळं बिऱ्हाड टबाबाहेर, निम्मी उन्हात वळवळतायत, आणि एक, एवढंसं, माझ्या चपलेत! एकेकाला हातानं उचललं, सालं काढली, पाणी शिंपडलं, "चला रे बाळांनो, चुकलं माझं" म्हणतोय... तर मागे बायको! डोळ्यांत पाणी! "अहो, मला वाटलं तुम्हाला यांचा रागच येतो! किती जीव लावलात! आजपासून यांचं सगळं तुमच्याकडे!"

काढलेली सालं मी हळूच पाठीमागे लपवली!

आता पेपर मीच फाडतो. सालं मीच चिरतो. आणि खुर्ची? मिळाली की परत, त्याच कोपऱ्यात! फक्त उन्हाच्या बाजूला... माझी सावली टबावर पडावी म्हणून!