दुसऱ्याच्या मेंढराला डाग

—न्हाई आण्णा, च्या नगं. पानीबी नगं. तुमी नुसतं माजं ऐका, मग हाकलून द्या. मी धोंडुबाई, मान तालुक्यातली, दहिवडीकडची, धनगराची. माजं पोरगं सिद्धू मिरजंला दवाखान्यात पडलंय आन् मी त्याला टाकून तुमच्या बेदान्याच्या शेडावर आलीया — आईनं असं यावं का? न्हाई यावं. पर आली. तुमचा विश्वजित मोटारसायकलवरनं गेला, त्याच हप्त्यात सिद्धूला पुन्यात दुसऱ्याचं काळीज बसवलं. कुनाचं, ते दवाखाना सांगत न्हाई, कायदाच हाय म्हनत्यात. पर पेपरात तुमच्या पोराचा फोटू आलता, अवयव दान केलं म्हून — मी तवाच वळखलं, ह्योच माज्या सिद्धूच्या काळजाचा मालक.

दोन वर्सं ग्वाड चाललं. मेंढरामागं सुदीक जायाचा. आन् आता ते काळीज चाल सोडून पळतंय, आण्णा — मधीच उधळतंय, मधीच अडखळतंय, पोरगं बसल्या जागी घामानं भिजून डोळं पांढरं करतंय. डाक्टरनी काळजाचा तुकडा काढून तपासला, अंगानं ते नाकारलेलं न्हाई, म्हनले. गोळ्या बदलल्या, छातीला करंट दिला — जरा ठिकानावर येतंय आन् पुन्ना तेच. आता मांडीच्या शिरंतनं तार घालनार आन् आत बारीक डाग देनार, जितनं ते उधळतंय तेवढीच जागा भाजायची. आन् सिद्धू नगं म्हनतुया! घाबरून? छ्या! आवं, आमी दुसऱ्याची मेंढरं वाट्यानं सांभाळतो न्हवं, कोकरं निम्मी निम्मी — त्यातलं एखादं आजारलं तर तापल्या सळीनं डाग देतो, पर मालकाला इचारल्याबिगर न्हाई. ही रीत मीच शिकवली त्याला, ल्हानपनी कानाला धरून. आता तीच माज्या उरावर बसलीया. ‘आई, काळीज माजं न्हाई, मालकाला इचार,’ म्हनतुया. डाक्टर हात जोडतुया, सून पाया पडतीया, आन् ह्यो मालक मागतुया! आसंच पळत राह्यलं तर कवा थांबंल नेम न्हाई, डाक्टरनी तोंडावर सांगितलंय.

तर आण्णा, डाग द्यू का? येवढंच. नुसतं व्हय म्हना.

आसं खाली का बघताय?… काय म्हनला? डोळं? नुसतं डोळंच दिलं? काळीज न्हाई?… न्हाई, न्हाई, तुमास्नी नीट ठावं नसंल. दुखात मानसाला काय सुदरतंय, कुनी सही मागितली, तुमी दिली — सोता वाचलं व्हतं?… वाचलं व्हतं. बरं.

मग मी कुनाकडं जाऊ? सांगा की! कुनाकुनाच्या दारात हुबी राहू आन् इचारू, तुमचं पोरगं मेलंय का म्हून?

आण्णा, फोन लावते. तुमी डोळ्याचं काय बोलू नका. मला तर काय ऐकूच आलं न्हाई — शेडावरचा कागद केवढा फडफडतुया. तुमी पोर गेलेला बाप हाय, तुमच्या तोंडचं व्हय त्याला पुरं हाय. लबाडीचं पाप माजं, बिरोबाचं मी बघून घीन. रडू नका, आवाज घोगरा येतुया — सिद्धू? हां बाळा, मीच. मालक हायेत हितं. थांब, देते.

घ्या. बोला.