नानाजीच्या घडीले पट्टा

(उमरखेडच्या बाजारातलं घड्याळाचं दुकान. काउंटरवर पट्टा नसलेलं एक जुनं, जाडजूड घड्याळ.)

वच्छलाबाई : नाई म्हनजे नाई. चेनच घ्याची. चांगली स्टीलची, चकाकनारी. बाबुलालभाऊ, ते वरच्या खोक्यातली काढा बरं.

अक्षय : आई, ह्या घडीले चेन शोभत नाई वो. बाबायनं जिंदगीभर कापडी पट्टा लावला.

वच्छलाबाई : तुह्या बाबायनं जिंदगीभर फाटकी बनियन बी घातली. ते बी घालतं का तू?

बाबुलाल : वहिनी, पोरगा गलत नाही बोलत. ही पाणबुड्यांची घडी आहे. असली माल. नानाजी यायचे, दारातूनच म्हणायचे, ‘सेठ, काढ एक.’ बस. मी कापडी पट्टा द्यायचो, ते घालून चालू लागायचे. दुसरी बात नाही.

वच्छलाबाई : घरी बी कोठी बोलत ते? पन भाऊ, हे घडी कोनाची हाये, ठाव हाये का तुमाले?

बाबुलाल : नानाजीची. और कोणाची?

वच्छलाबाई : माह्या रोडग्याची हाये! धरनाच्या दारात मोठ्ठं झाड अटकलं तवा मुंबईहून पानबुडे आलते. यायनं त्यायले नदी दाखोली, अन जेवाले घरी घेऊन आले. मी गवऱ्यावर रोडगे भाजले, वांग्याची झनझनीत भाजी केली. त्यायचा साहेब, मिशीवाला, घाम पुसत पुसत जेवला. जाताखेपी मनगटातली घडी काढली अन म्हने, ‘वहिनी, असं जेवन मले आईच्या हातचं बी नाई भेटलं.’ माह्या हातात देली. बांधली यायनं.

अक्षय : हे गोष्ट दर वेळेस वाढत जाते, सेठ. मी लहान होतो तवा साहेब नुसता ‘बरं होतं’ म्हने.

वच्छलाबाई : तू होता का तथी? जन्माले तरी आलता का? मोठा शायना! वरन शिजू घातलं का मी वेळ मोजाले घडीची हेच वरची चकरी फिरवून ठेवो. ते म्हनत, ‘वच्छला, हे पान्याची घडी हाये, तुरीच्या दायीची नाई.’ अन हासत. कमी हासत, पन हासत.

बाबुलाल : ही बघा. भारी चेन आहे. लग्नात घाला, शाळेत घाला.

वच्छलाबाई : हे! हेच पायजे. मास्तर मानूस तू, फळ्यावर लिवाले हात वर केला का चमकली पायजे. वर्षश्राद्ध झालं, आता घालाले काई हरकत नाई.

अक्षय : चेन नोको, आई. ओली झाली का हातावर सरकते. जाळ्यात अटकते.

वच्छलाबाई : जाळ्यात? शाळेत कोनतं जाळं हाये तुह्या?

अक्षय : म्हनजे… बाबा म्हनत तसं.

बाबुलाल : मग तो काळाच घेऊन जा ना. पोळ्याच्या पहिले नेला होतास, तोच. इतक्यात खराब झाला का?

वच्छलाबाई : पोयाच्या पयले? कोनं नेला? अक्षय, तू तं मले म्हनला, पेटीत ठेवून ठेवून पट्टा सडला म्हनून!

अक्षय : आई, घरी चाल. घरी सांगतो.

वच्छलाबाई : इथीच सांग. कोठी गेला तो पट्टा?

अक्षय : …नदीले देला.

वच्छलाबाई : माय वो!

बाबुलाल : नदीला? पट्टा? मला काही समजलं नाही.

वच्छलाबाई : कोन होतं?

अक्षय : नंदाबाईचा जावई.

वच्छलाबाई : पोयाच्या रोजी बैल धुवाले गेलता अन बुडाला, तो? त्याले तू काढला? अरे, मी दुसऱ्या रोजी नंदाबाईच्या घरी जाऊन बसलती दिवसभर! कोनं काढलं म्हनून इचारलं तं समदे चूप. मले वाटलं, दुःखात हायेत.

अक्षय : मीच सांगतलं होतं त्यायले, आईले कळू देऊ नोका.

बाबुलाल : वहिनी, पण पट्टा कशाला द्यायचा नदीला?

वच्छलाबाई : काय सांगू भाऊ. यायचं असं होतं. बुडालेल्याले जिता काढला तं त्याच्या घरचे नदीले नारळ देत, तिची ओटी भरत. पन मेलेल्याले काढला तं त्या घरी कोनाले सुद राह्यते? यायचं म्हननं, नदीतनं आपन मानूस आनलं, तं तसंच नाई या लागत. आपल्या अंगावरचं काई तरी तिले देलं पायजे. मंग हातातला पट्टा सोडून देत. घडी खिशात घालून घरी येत.

बाबुलाल : अरे राम. आणि मी इतकी वर्षं समजत होतो, माझा मालच कच्चा आहे! नानाजी आले की मला शरम वाटायची. दोनदा व्यापारी बदलला मी, वहिनी. म्हणजे… ते जितके पट्टे घेऊन गेले, तितके…

वच्छलाबाई : नोका मोजू, भाऊ.

बाबुलाल : नाही. नाही मोजत.

वच्छलाबाई : मी दारात उभी राहो. ते दिसले का तोंडाकडं नाई, पयले हाताकडं पाहो. पट्टा दिसला का जीवात जीव ये. म्हनो, वाचला कोनाचा तरी. हात रिकामा दिसला का एक अक्षर इचारत नोती. पानी तापवाले ठेवो, लिंबाचा पाला टाको, अन त्यायच्या हातावर मी सोता पानी घालो. अन पोयाच्या संध्याकायी तुहा हात नाई पायला मी. पुरनपोया लाटत होती. तू म्हनला, पोट भरलं.

अक्षय : गेलंच नाई काई घशाखाली.

वच्छलाबाई : अंघोय कोठी केली?

अक्षय : शाळेच्या हापशीवर.

वच्छलाबाई : थंड्या पान्यानं?

अक्षय : हव.

वच्छलाबाई : हापसलं कोनं?

अक्षय : मीच. एकटाच होतो.

वच्छलाबाई : अरे माह्या राजा! तुहे बाबा एवढे पहाडासारखे, पन ते बी कधी एकट्यानं नाई न्हायले त्या पान्यातनं येऊन. अन तू आपला आपन हापसला? काहून लपोलं माह्यापासून?

अक्षय : तू घडी काढून घेशीन म्हनून.

वच्छलाबाई : घेतलीच असती! चुलीत घातली असती! जिंदगीभर त्या नदीचं भेव घेऊन जगली मी. अन ते गेले खाटेवर, झोपेत. मले वाटलं, सुटली. आता दारात उभं राहाचं काम नाई.

अक्षय : मले बी वाटलं होतं, बाबा गेले, आता कोन येते आपल्याकडं. पन पोयाच्या रोजी तू घरी नोती तवा आले लोकं. ओट्यापाशी उभे राह्यले. नुसते माह्याकडं पाहून राह्यलते. मी कसा नाई म्हनू, आई? पोहाले बाबायनंच शिकोलं ना. भेव वाटलं म्हनून घडी घालून गेलतो. बाबा असल्यासारखं वाटलं.

वच्छलाबाई : बसू द्या मले जरा, भाऊ.

बाबुलाल : वहिनी, पाणी घ्या. चहा सांगू का?

वच्छलाबाई : नोको, भाऊ.

बाबुलाल : चेन बांधून देऊ?

वच्छलाबाई : ते ठेवा परत. कापडी काढा.

अक्षय : आई…

वच्छलाबाई : तू चूप बस. तो काया नोको, भाऊ, तो हिरवा द्या. मजबूत हाये ना? घाला त्याच्यात घडी. आन इकडं हात, अक्षय. पाय बरं, मनगट किती मोठं झालं तुहं. मले समजलंच नाई कधी झालं.

बाबुलाल : जास्त आवळू नका वहिनी, एक बोट जायला पाहिजे आत.

अक्षय : सेठ, असेच दोन-तीन देऊन ठेवा. घडीघडी तुमच्याकडं येनं होत नाई.

वच्छलाबाई : एकच द्या, भाऊ.

बाबुलाल : वहिनी, बारिश अजून गेली नाही. नदी भरलेली आहे. दुसरा लागला तर?

वच्छलाबाई : लागू नाई म्हनूनच एक मांगून राह्यली.