हे पाणी कुठलं?

नाही, बुचाला हात लावू नकोस, वेंडेल — आधी ट्रेलरचा पुढचा जॅक फिरव, होडीचं नाक वर जाऊ दे. सपाटीवर बूच काढलं की मागचं तेवढं वाहून जातं, बाकीचं पुढेच बसून राहतं, आणि थंडीत त्याचा बर्फ झाला की होडीच्या पोटातली टाकी फुटते. आयुष्य या तळ्याकाठी गेलं तुझं, तरी मीच सांगायचं? फिरव. अजून. हं, आता काढ बूच. — बघ. बघ कसं भळाभळा येतंय! आता मला एक सांग, हे पाणी कुठलं?

पावसाचं? वर ताडपत्री आहे, मी बांधलेली. आणि पाऊस टाकीत शिरेल कुठून? ही टाकी भरतात ती होडी तळ्यात उतरवली की, तोल धरायला — नाहीतर नाही. सप्टेंबरात हॅल्वर दवाखान्यात होता तेव्हा मी इथेच गुडघे टेकून रिकामी केली होती ती, थेंब न् थेंब, शेवटी जुने टॉवेल कोंबून टिपली. मग काय, तळं चालत आलं अंगणात?

मान खाली घालू नकोस. हात चालू ठेव — तो स्वयंपाकघराच्या खिडकीत बसलाय, बघतोय आपल्याकडे. मागच्या बुधवारी मी बहिणीकडे गेले होते, तेव्हाच नेलंस ना त्याला तळ्यावर? मला म्हणतो, न्हाव्याकडे गेलो होतो! केस होते तेवढेच, आणि नाक उन्हानं लाल — न्हावी काय छपरावर बसवून केस कापतो? लाज नाही वाटली? डॉक्टर तुझ्यासमोर म्हणाले होते, नवऱ्याला जिनासुद्धा चढू देऊ नका. आणि तू त्याला त्या वाऱ्यात, त्या गार पाण्यावर — काही झालं असतं म्हणजे? शीड सांभाळणार होतास की त्याला? मित्र म्हणे! बोलायला लावू नकोस मला.

आणि मी मूर्ख! त्या रात्री त्यानं ओव्हनमधलं गरम हॉटडिश दोनदा वाढून घेतलं, बशी पुसून खाल्ली, भांडी विसळताना शीळ घालत होता. मला वाटलं, गोळ्या लागू पडल्या. मी देवाचे आभार मानले, वेंडेल — देवाचे! आणि उपकार निघाले तुझे. त्याचाच जास्त राग आलाय मला. मी त्याला गोळ्या देते, मोजे चढवते, मीठ लपवून ठेवते — माझ्या हातच्या एवढ्या सेवेनं एकदा तरी शीळ घातली त्यानं? नाही घातली.

काय म्हणालास? पुढच्या उन्हाळ्यात विचारून नेशील? — पुढच्या उन्हाळ्यात नाही. नाही म्हणजे नाही! अरे, पुढचा उन्हाळा — डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं होतं, एकटीला, आणि — नाहीये, वेंडेल. पुढचा उन्हाळा नाहीये. मी म्हटलं, निदान तळ्यावरचा बर्फ वितळेपर्यंत तरी? तर ते जमिनीकडे बघत राहिले. त्याला यातलं काही माहीत नाही. आणि तू इथे रडायचं नाहीस, खबरदार. तो बघतोय. हात कर त्याला. हस. हस ना, मेल्या!

थांबलं पाणी? आता बूच परत लाव. — लाव म्हणते ना! हिवाळ्यात उघडं ठेवतात ते मला ठाऊक आहे, मला शिकवू नकोस. उद्या बुधवार. मी बहिणीकडे जाणार, अंधार पडल्याशिवाय येणार नाही. तळं अजून गोठलेलं नाही. त्याला लोकरीची टोपी घाल — नको म्हणेल, तरी घाल — आणि लाइफ जॅकेटचे पट्टे तू स्वतः आवळ, त्याच्यावर सोडू नकोस. परत आलात की नाक वर करून सगळं पाणी काढायचं, टॉवेल तिथे खुंटीला आहेत. मला टाकी कोरडी दिसली पाहिजे. कळलं?

मग उभा काय राहिलास, जा आत, कॉफी ठेवलीय त्यानं. विचारेल तुला, ही एवढी कशावरून ओरडत होती म्हणून. सांग, जॅकवरून.