आखूड नळी

(वायोमिंग. हरणांचा हंगाम उघडायच्या आदल्या रविवारी, घरामागच्या चांदमारीवर बापलेक.)

लॉरल : नुसता बघत बसू नकोस, बाबा! पट्टी लाव आणि मोठ्यानं सांग.

वेंडेल : सव्वा इंच.

लॉरल : शंभर यार्डांवर पाच गोळ्या, सगळ्या सव्वा इंचात! आणि सकाळी? हीच माझी आखूड बंदूक, ही कार्बाइन, हेच टेबल, हीच मी. सकाळी किती?

वेंडेल : चार असेल.

लॉरल : साडेचार! गॅरेटदादा हसून हसून ट्रकवरून पडायचा बाकी होता.

वेंडेल : आता वारा पडलाय जरा.

लॉरल : वारा! आपल्याकडे वारा कधी पडतो रे? मी दादाच्या डबीतली पाच काडतुसं घेतली. तू घरी बंदुकीची दारू तोलून एकेक भरतोस ना, ती. त्याच्या रायफलला नि माझ्या कार्बाइनला काडतूस एकच लागतं, हे मला आज सुचलं. मीही काय ढ!

वेंडेल : लॉरल, ऐक...

लॉरल : आणि मला कुठली देत होतास? दुकानातली, घमेल्यानं विकतात ती! तीन वर्षं!

वेंडेल : तुझी सेमी-ऑटोमॅटिक. नळी आखूड, काडतूस आपसूक चढवणारे भाग सारखे हलतात. गॅरेटच्या, दर गोळीला हातानं खटका ओढायच्या बोल्ट रायफलची सर तिला नाही, पोरी. हे खोटं नाही.

लॉरल : चिमूटभर खरं आणि त्यावर तीन इंचांची थाप! नेमबाजीच्या क्लबातल्या धाकट्या मुलींना मी शिकवते, 'आखूड नळी, गोळी भरकटणारच, मनाला लावून घेऊ नका.' तुझंच वाक्य. छातीठोकपणे!

वेंडेल : ज्याच्या गोळ्या सगळ्यांत जवळजवळ पडतील, त्याला शिकारीत कड्यावरची मोक्याची जागा, हा आपल्या घरचा नियम. गॅरेट जानेवारीत फौजेत चाललाय. म्हटलं, यंदा तरी तिथं त्यालाच बसू दे.

लॉरल : यंदा ठीक. मागची दोन वर्षं?

वेंडेल : तेरा वर्षांच्या बहिणीनं हरवलं असतं, तर त्यानं बंदूक पुन्हा हातात धरली नसती.

लॉरल : आणि मी धरली ना! दर रविवारी, मूर्खासारखी, हात सुजेपर्यंत. दादाला माहीत आहे हे?

वेंडेल : नाही. फक्त मला.

लॉरल : सकाळी त्याचं किती भरलं?

वेंडेल : एक इंच.

लॉरल : एक? मग... चांगली काडतुसं असती तरी मी हरलेच असते. पाव इंचानं! सरळ हरले असते, बाबा, त्याच्या पाठीवर थाप मारून हरले असते!

वेंडेल : तू हरशील असं मला कधी वाटलंच नाही. एकाही वर्षी नाही.

लॉरल : हे एकदा तरी मला सांगायचंस.