कोऱ्या कागदाला अठरा मार्क

कॉम्प्युटरने पेपर तपासायचा विषय माझ्यासमोर काढू नका रे. नव्वदच्या दशकात मी ते भोगलंय. टेंभी नाक्याजवळच्या एका क्लासमध्ये मी इंग्रजी निबंध शिकवायचो आणि तपासायचो. एक दिवस मालक म्हणाले, "सर, यापुढे निबंध कॉम्प्युटर तपासेल. प्रोग्राम आणलाय."

म्हटलं, आता माझी नोकरी गेलीच.

पण कॉम्प्युटरला मुलांचं अक्षर कुठे वाचता येतंय? म्हणून क्लासच्या ऑफिसातल्या देसाईबाई सगळे निबंध टाइप करून त्यात भरायला बसल्या. बाईंनी वकिलाकडे तीस वर्षं टायपिंग केलेलं. मी बाहेर येरझारा घालतोय, तीन चहा झाले, बसवत नव्हतं.

निकाल लागला. पंधराच्या खाली कोणीच नाही, आणि वीसपैकी अठरा घेऊन पहिली आलेली बाळकुमची सुनीता म्हात्रे.

मी उडालोच. पेपर मीच गोळा केलेले. सुनीताने वर फक्त नाव लिहून कोरा कागद दिलेला.

"बाई, हे काय?"

"अहो सर, चूक दिसली की माझा हात आपोआप सुधारतो."

"आणि सुनीताचा निबंध?"

"मशीनमधून कोरा कागद काढायची मला सवय नाही."

नोकरी वाचली म्हणून मी धावत मालकांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सोमवारपासून निबंधाचा तास देसाईबाईंना दिला.